धावायला सुरुवात करताय? डांबर, मुरूम आणि काळ्या मातीसाठी कोणता बूट घ्यावा

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती पर्यंतचा दाखवू?" त्याचं उत्तर देण्याआधी एक गोष्ट ठरलेली हवी: पाय पडणार कुठे? यवतमाळ-वाशीमकडे कपाशीच्या काळ्या रानातून जाणाऱ्या पांदणीवर धावणाऱ्याला जो बूट लागतो, तो भंडारा-गोंदियात धानाच्या बांध्यांमधल्या डांबरी रस्त्यावर धावणाऱ्याला लागत नाही. ब्रँड आणि रंग त्यानंतर बघावेत.

हा आढावा आठवड्याला १० ते २० किलोमीटर धावणाऱ्या किंवा धावू पाहणाऱ्यांसाठी आहे. पोलीस भरतीची तयारी करणारे (मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर), वनरक्षकाच्या ५ आणि ३ किलोमीटरसाठी पाय तयार करणारे, शिवाय डॉक्टरांनी साखर किंवा वजन कमी करायला सांगितलेले चाळिशीतले लोक, असे सगळे यात येतात.

बाजारात मिळणारे प्रकार

तालुक्याच्या गावात साधारण चार प्रकारचे बूट दिसतात. शाळेचे कॅनव्हासचे पीटी बूट, आठवडी बाजारातले ५००-७०० रुपयांचे "स्पोर्ट शूज", १५०० ते २५०० मधले नावाजलेल्या कंपन्यांचे साधे रनिंग बूट, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा ऑनलाइन मिळणारे ५००० च्या वरचे.

पीटी बुटाचा सोल सपाट असतो आणि त्यात फोम जवळजवळ नसतोच. मैदानावर कवायत, थोडं चालणं, दोन-चारशे मीटरचं हलकं धावणं एवढ्याला तो पुरतो. डांबरावर रोज तीन किलोमीटर धावलात तर काही आठवड्यांत टाच आणि नडगी दुखू लागण्याची शक्यता मोठी. पंजाही पुढून चिमटतो. घरात असेल तर पहिले पंधरा दिवस चालण्यासाठी वापरा, नवा मात्र धावण्यासाठी विकत घेऊ नका.

आठवडी बाजारातला बूट दिसायला ६००० च्या बुटासारखाच दिसतो, आणि पैसे वाया जातात ते इथेच. त्याचा सोल बहुतेक वेळा पीव्हीसीचा, जड आणि कडक असतो. टाचेजवळची "एअर" ची पारदर्शक खिडकी नुसती शोभेची असते. तो ओळखायला तीन गोष्टी पुरतात. बूट दोन्ही हातांनी वाकवा: चांगला बूट बोटांच्या मुळाशी, म्हणजे चवड्यापाशी वाकतो. मधोमध घडी पडत असेल किंवा अजिबात वाकत नसेल तर ठेवून द्या. मग बाजूच्या फोमवर अंगठ्याने जोरात दाबा: थोडा दबून लगेच वर यायला हवा. शेवटी टाचेमागची कड चिमटीत धरा: ती कागदासारखी चेपली तर धावताना टाच डुलेल. ओल्या सिमेंट रस्त्यावर पीव्हीसीचा सोल घसरतोही. गावात नळाचं पाणी सुटलं की सकाळचा रस्ता ओला असतो, हे लक्षात असू द्या.

६००, २००० की ६०००: किलोमीटरचा हिशोब

रनिंग बुटातला फोम साधारण ५०० ते ८०० किलोमीटरपर्यंत काम देतो. वजन जास्त असेल, रस्ता खडबडीत असेल, तर ५०० च्या बाजूला धरावं. ६०० रुपयांचा बाजारू बूट जेमतेम १५० किलोमीटर टिकला तर किलोमीटरला चार रुपये पडले. २००० चा बूट ५०० किलोमीटर चालला तर तेही चारच रुपये. ६००० चा ७०० चालला तर साडेआठ. म्हणजे स्वस्त बूट किलोमीटरमागे स्वस्त पडत नाही, आणि सोल उखडून सराव बुडतो तो वेगळाच.

वरचे चार हजार रुपये कशाचे? फोम जास्त लवचिक आणि जास्त काळ ताजा राहतो, खालचं रबर लवकर झिजत नाही, वरची जाळी नीट शिवलेली असते आणि काही कंपन्यांत रुंद पंजाची आवृत्ती मिळते. यातली शेवटची गोष्ट काहींच्या कामाची आहे, त्याबद्दल पुढे. नवशिक्याचा वेग त्या पैशाने वाढत नाही. वेग वाढतो तो सरावाने. कार्बन प्लेटवाले, म्हणजे फोममध्ये कार्बनची कडक पट्टी बसवलेले महागडे बूट तर या टप्प्यावर घेऊच नयेत. ते कडक असतात आणि उंच फोममुळे खडबडीत जागी पाय मुरगळण्याची भीती असते.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: पहिला जोड १५०० ते २५०० मधला घ्या. स्पार्क्स, कॅम्पस, निविया यांचे बूट तालुक्यापर्यंत पोहोचतात. डेकॅथलॉनचे धावण्याचे बूट नागपूरच्या दुकानात पायात घालून बघता येतात. पण त्याच कंपन्या चालण्याचे, जिमचे, नुसते फॅशनचे बूटही विकतात, तेव्हा दुकानदाराला "रनिंगचा दाखवा" असं मुद्दाम सांगा. वजन ८५-९० किलोच्या पुढे असेल तर ३५०० ते ५००० पर्यंत जायला हरकत नाही. अशांना रुंद तळ आणि भरपूर फोम खरोखर उपयोगी पडतो.

सवलतीतल्या जुन्या मालापासून जपा. डब्यावरच्या लेबलवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. पॉलियुरेथेनचा सोल हवेतल्या ओलाव्याने न वापरताही कुजतो. चार-पाच वर्षं गोदामात पडलेला असा बूट दिसतो कोरा, पण पहिल्याच आठवड्यात सोलचे तुकडे पडू शकतात.

माप: सगळ्यात जास्त चुका इथेच

लहानपणापासून चपलेत किंवा अनवाणी वावरलेल्या पायाचा पंजा बहुधा पसरट असतो. बूट मात्र बहुतेक अरुंद साच्यावर बनतात. मग लोक रुंदी मिळावी म्हणून दोन नंबर मोठा घेतात. पंजा सुटतो, पण टाच वर-खाली होते आणि तिथे फोड येतो.

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. भिंतीला लागून जमिनीवर कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा आणि दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा. दुसऱ्या माणसाला पेन्सिल सरळ उभी धरून सगळ्यात लांब बोटापुढे खूण करायला सांगा. स्वतः वाकून खूण केली की माप चुकतं. सगळ्यात लांब बोट अंगठाच असतं असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठा पाय धरा. त्यात १० ते १२ मिलिमीटर मिळवा. एवढी लांबी बुटाच्या आत हवी.

ऑनलाइन घेताना नंबरावर भरवसा ठेवू नका. यूके, यूएस आणि युरोपचे नंबर वेगवेगळे, त्यात यूएसचे बायकांचे आणि पुरुषांचे पुन्हा निराळे. कंपनीच्या तक्त्यात सेंटिमीटरचा रकाना शोधा आणि तो पायाचा आहे की बुटाच्या आतला, हे वाचा. यूके मापात एक पूर्ण नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर, अर्धा नंबर म्हणजे चारच्या आसपास. म्हणून अर्धा नंबर मिळत असेल तर तो घालून बघाच.

दुकानात एक साधी परीक्षा आहे, ती सहसा कोणी करत नाही. बुटातला आतला तळवा, म्हणजे इनसोल, बाहेर काढा आणि त्यावर उभे राहा. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा दिसली पाहिजे आणि पंजा दोन्ही बाजूंनी तळव्याबाहेर सांडता कामा नये. सांडत असेल तर नंबर वाढवू नका, मॉडेल बदला. रुंद आवृत्तीसाठी जास्त पैसे द्यायचे ते याच कारणासाठी. मग दोन्ही बूट, धावताना घालणार तेच मोजे घालून, लेस बांधून दुकानाबाहेर पन्नास पावलं धावा. टाच उचलत असेल तर लेस शेवटच्या, वरच्या भोकातून ओवून छोटा फास करा आणि समोरच्या बाजूची लेस त्यातून घालून आवळा. मुलींना याचा विशेष उपयोग होतो. त्यांच्या पायाची टाच पंजाच्या मानाने अरुंद असते आणि छोट्या दुकानात बऱ्याचदा मुलांचेच लहान नंबर पुढे केले जातात.

पाऊल आत वळतं म्हणून अमुकच बूट हवा, असं कोणी सांगितलं तर घाई करू नका. पाऊल थोडं आत वळणं नैसर्गिक आहे. जो बूट घातल्याबरोबर सुखाचा वाटतो, तो नवशिक्यासाठी बहुतेक वेळा बरोबर ठरतो. "वापरून सैल होईल" हे चामड्याच्या बाबतीत खरं असेल, रनिंगच्या बुटाबाबत नाही.

मोजे सुती नकोत. सूत घाम धरून ठेवतं, ओली कातडी घासते आणि फोड येतो. पॉलिस्टर किंवा नायलॉन मिसळलेले मोजे घ्या.

रोडचा सोल की ट्रेलचा?

रोड बुटाचा तळ सपाट असतो, खाचा उथळ. ट्रेल, म्हणजे कच्च्या वाटेवरच्या बुटाला ४-५ मिलिमीटरचे दात असतात, पुढे बोटांवर कडक टोपी असते आणि वरचा कपडा जाडसर असतो.

डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता असेल तर रोडचाच घ्या. ट्रेलचे दात डांबरावर भराभर झिजतात आणि पावलाखाली टोचतात. शाळेचं मुरमाचं मैदान कोरडं आणि दाबलेलं असेल तर तिथेही रोडचा चालतो. सुटी गिट्टी, उतार, ओढ्याकाठची वाट किंवा गडचिरोली-चंद्रपूरकडची जंगलाकडेची पायवाट असेल तर ट्रेल बूट पाय घट्ट धरतो.

शेताच्या धुऱ्यावरून धावणाऱ्यांनी तळ मुद्दाम बघावा. पऱ्हाटी आणि तुरीची कापलेली धसकटं तिरपी, टोकदार राहतात. मऊ फोम थेट जमिनीला लागत असेल तर अशा सोलमधून ती आरपार जाऊ शकतात. बाभळीच्या काट्याचंही तेच. फोमखाली सलग रबराचा थर असलेला बूटच तिथे घालावा. पावसाळ्यानंतर गवताची कुसळं जाळीतून आत शिरतात आणि मोज्याला टोचत राहतात. घरी आल्यावर आतून बोट फिरवून ती काढा.

पावसाळ्यातल्या काळ्या मातीवर मात्र कुठलाच बूट जिंकत नाही. चिखलाचे लोंदे दातांमध्ये भरतात, सोल गुळगुळीत होतो, प्रत्येक पाय जड होतो आणि पोटरी, नडगी दुखू लागते. दूर-दूर दात असलेला ट्रेल बूट चिखल थोडा लवकर टाकतो, इतकंच. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत काळ्या रानातला सराव डांबरावर किंवा मुरमावर हलवणं हेच शहाणपणाचं. पाणी न शिरणारा वॉटरप्रूफ बूट घेण्याचा मोहही टाळा. वरून शिरलेलं पाणी त्यातून बाहेर पडत नाही आणि एरवी आपल्या उन्हात पाय शिजतो. साध्या जाळीचा बूट भिजतो लवकर, सुकतोही लवकर.

डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने धावलं की एक पाय कायम खाली पडतो, आणि त्या दुखण्याचा दोष बुटावर येतो. रहदारी नसेल तिथे सपाट भाग धरा. वाहनं असतील तर समोरून येणारी दिसतील अशा बाजूने धावा. पहाटे अंधारात धावणार असाल तर टाचेवर चमकणारी पट्टी असलेला बूट निवडा.

स्पाइक आणि अनवाणी

स्पाइक, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, पहिल्या सहा महिन्यांत नको. त्यात टाचेखाली फोम अगदी कमी असतो, सगळा भार पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर येतो. पुढे १०० मीटरसाठी घ्यायचेच असतील तर सिंथेटिक ट्रॅकला ६ मिलिमीटरचे खिळे, मातीला ९ ते १२. आधी भरतीच्या जाहिरातीतल्या आणि प्रवेशपत्रावरच्या सूचना वाचा, मैदानावर स्पाइक चालतात का ते तिथे कळेल.

अनवाणी धावणं स्वच्छ, झाडलेल्या मैदानावर पाच-दहा मिनिटं ठीक. काट्यांच्या वाटेवर किंवा एप्रिल-मेच्या तापलेल्या डांबरावर मुळीच नको.

बूट लवकर मरतो तो कशाने

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. टिनाच्या छतावर, अंगणातल्या उन्हात किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवलेल्या बुटाचा गोंद सुटतो आणि फोम आक्रसतो. ओला बूट चुलीजवळ ठेवू नका. इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे गोळे कोंबा, तासाभराने बदला आणि सावलीत वाऱ्याला ठेवा. काळी माती ओली असताना पुसू नका. वाळू द्या, मग बूट एकमेकांवर आपटून ब्रशने झाडा. वॉशिंग मशीन आणि गरम पाणी वर्ज्य.

टाचेची बाहेरची कड आधी झिजते, ते स्वाभाविक आहे. रबर झिजून फोम दिसू लागला, टेबलावर ठेवल्यावर बूट एका बाजूला कलला, किंवा सराव तेवढाच असून नडगी नव्याने दुखू लागली, तर बूट संपला. नडगी मात्र पहिल्याच महिन्यात दुखत असेल तर आधी अंतर कमी करा. सुरुवातीला बहुतेकांचं दुखणं एकदम जास्त आणि एकदम जोरात धावल्यामुळे असतं, आणि ते नवा बूट आणून जात नाही.

मैदानी चाचणीची तारीख आली असेल आणि जुना बूट संपत आला असेल तर नवा जोड किमान तीन-चार आठवडे आधी घ्या. पहिला आठवडा एक दिवस जुना, एक दिवस नवा असं करा. ३०-४० किलोमीटर झाल्यावर कुठे घासतं, कुठली लेस किती आवळायची हे कळतं. मैदानाच्या दिवशी तोच बूट आणि तेच मोजे घाला.