कलम-चाकू आणि ‘फुल टँग’ सुरा: एक पावसाळा वापरल्यावर

सुरा दिवाळीनंतर मुठीतून तुटला, त्यावरून विक्रेत्याशी महिनाभर वाद घालून झाला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. झाडांची कलमं बांधायचा घडीचा कलम-चाकू आणि म्यानातला सुरा अशी जोडी जूनमध्ये ऑनलाइन मागवली होती, दोन्ही मिळून 3,100 रुपये. लांबी, वजन वगैरे तुम्ही विक्रीच्या पानावर वाचलंच असेल. त्यात खोटं काही नाही. खोटं बाकीच्यात आहे.

आधी सुरा उरकते. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘फुल टँग’, म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत अखंड गेलेलं. मूठ ओतीव रबराची असल्यामुळे आत काय आहे ते दिसायचा प्रश्नच नव्हता. खताच्या गोणी फोडणं, सुंभ कापणं, पॉलिथिनच्या पिशव्यांना भोकं पाडणं ही कामं त्यानं बिनतक्रार केली. नोव्हेंबरात बांबूच्या कामट्या काढत होते, तर मूठ हातात राहिली आणि पातं बांबूत. रबर चिरून पाहिलं. आतली पट्टी जेमतेम दोन बोटं लांब, करंगळीहून अरुंद, आणि पात्यापासून जिथं ती निघते तो कोपरा करकरीत काटकोनात कापलेला. पोलादात असा कोपरा ठेवला की सगळा ताण तिथंच साठतो. तिथं गोलाई द्यायची असते, हे गावठी कोयता करणाऱ्यालाही ठाऊक असतं. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग तपकिरी गंजलेला होता आणि अर्धा चकचकीत. म्हणजे तडा बराच आधी गेला होता, पावसाळाभर आत पाणी मुरत होतं आणि बांबूनं फक्त शेवटचं काम केलं. सुऱ्याचं एवढं पुरे.

आता चाकू. नर्सरीवाल्यांना माहीत आहे, इतरांसाठी सांगते: कलमाच्या चाकूला एकाच बाजूनं धार असते. दुसरी बाजू पाठीपासून धारेपर्यंत सपाट लागते. कोय कलमात कोयीतून नुकतंच वर आलेलं, तांबूस पानांचं रोप छाटून त्याला मधोमध चीर देतात आणि हापूसच्या काडीला दोन्हीकडून तिरके काप घेऊन चार-पाच सेंटिमीटरची पाचर त्यात बसवतात. दोन्हीकडचा सालीखालचा जिवंत थर एकमेकाला टेकला तर जोड धरतो, नाहीतर नाही. त्यासाठी पाचरीचा काप एका ओढीत आणि सपाट यायला हवा. पात्याची सपाट बाजू फुगीर असेल तर पातं लाकडात शिरता शिरता बाहेर पळतं, काप वळणदार होतो, पट्टी कितीही आवळून बांधली तरी आत पोकळी राहते. जुलै-ऑगस्टच्या पावसात त्या पोकळीत पाणी शिरलं की काडी काळी पडते.

या चाकूची सपाट बाजू सपाट नाही.

हे एकच वाक्य मी विक्रेत्याला निरनिराळ्या शब्दांत लिहून पाहिलं. त्यांचं उत्तर, ‘धार व्यवस्थित आहे, तपासूनच पाठवतो.’ अहो, धारेबद्दल कोण बोलतंय! तुमच्याकडे असा चाकू असेल तर तपासायची रीत सोपी आहे. न पुसणाऱ्या मार्करनं सपाट बाजू पूर्ण काळी करा, धार लावायच्या 1000 नंबरच्या दगडावर पाणी टाकून पातं आडवं ठेवा आणि हलक्या हातानं ओढा. बाजू सपाट असेल तर शाई सगळीकडून सारखी निघेल. माझ्या चाकूची मधोमध निघाली आणि धारेलगत एक काळा पट्टा टोकापर्यंत तसाच राहिला, म्हणजे दगड धारेपर्यंत पोचतच नाही. हा प्रयोग मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला आहे. नणंदेच्या यजमानांनाही जेवणाआधी दाखवला, ते बिचारे बँकेत असतात.

तेवढ्यावर भागलं नाही. कारखान्यातून आलेली धार कागद सुरेख कापत होती, पण सकाळी काम सुरू केलं की दहाच्या चहापर्यंत ती वळायची. उजेडासमोर धरलं की कडेवर पांढरी रेघ चमकायची. आंब्याच्या कोवळ्या काडीलाच ही गत, तर काजूच्या काडीला काय होणार. तेव्हा मी एक तारा दिला आणि पोलाद भिकार आहे असं लिहून टाकलं. खोक्यावर ‘हाय कार्बन स्टेनलेस’ एवढंच, पोलादाचा नंबर नाही. या शब्दांना तसा काही अर्थ नसतो. स्टेनलेस म्हणवून घ्यायला साधारण साडेदहा टक्के क्रोमियम पुरतं. कडकपणा देणारा कार्बन मात्र 440सी नंबरच्या पोलादात एक टक्क्याच्या आसपास असतो आणि साध्या 420 मध्ये त्याच्या निम्माही नसतो. नंबर न छापणारा यातलं कुठलं देईल ते तुम्हीच ठरवा.

त्या पोलादाबद्दलचं मत मात्र ऑगस्टमध्ये बदललं. कोयते शेवटायला, म्हणजे धार लावून घ्यायला, लोहारकाकांकडे गेले होते, तेव्हा चाकूही दाखवला. त्यांनी पात्याच्या पाठीवर कानस फिरवली, ती घसरली. धारेजवळ फिरवली, तिथं ती चावली. टोकाजवळची तपकिरी झाक अंगठ्यानं दाखवत म्हणाले, “ताई, पोलादाला पाणी बरं दिलंय. घासणाऱ्यानं वाट लावली.”

गोष्ट अशी आहे की पातं कडक करून झाल्यावर (यालाच पाणी देणं म्हणतात) पुन्हा बेताचं तापवून त्याला चिवटपणा आणतात, बऱ्याचशा चाकूंना 150 ते 200 अंशांवर. धार काढली जाते त्यानंतर, फिरत्या पट्ट्यावर. तिथं पाणी न टाकता घाईनं घासलं तर कडेचा केसाएवढा भाग त्याहून खूप तापतो आणि दिलेलं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. ती तपकिरी झाक गंजाची नाही, या तापण्याची. बाकी पातं ठणठणीत राहतं. यावर उपाय एकच, जळलेली कड झिजवून आतल्या चांगल्या पोलादापर्यंत जायचं. तेही मी केलं आणि फुगीर बाजूही काढली. काचेवर 220 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून, पाणी टाकत, बोटं सुजेपर्यंत, मग 1000 चा दगड. आता मार्करची शाई सगळीकडून निघते. धार दुपारच्या जेवणापर्यंत टिकते, वेंगुर्ला-4 या काजूच्या जातीच्या जाड काडीवरसुद्धा. शेवटच्या खेपेला बांधलेली कलमं आधीच्यांपेक्षा चांगली लागली. त्याचं सगळंच श्रेय चाकूला नाही, पावसानंही तेव्हा उघडीप दिली होती.

म्हणजे पोलाद चांगलं, कडक करणारा चांगला, आणि शेवटच्या टेबलावर दोन मिनिटं वाचवायला बसलेल्या माणसानं सगळ्याची माती केली. मला राग याचाच जास्त येतो. भिकार पोलादाला कोणी काय करणार, ते फेकून देता येतं. हे फेकवत नाही, आणि कारखान्यात व्हायला हवं होतं ते काम माझ्या ओट्यावर होतं.

बाकीचं भराभर. पात्यामागची साल उचलायची पट्टी पितळी दिसते, पण ती रंग दिलेलं प्लास्टिक आहे, गुलाबाचे डोळे भरताना, म्हणजे सालीत डोळा बसवून कलम करताना, मोडली. बिजागरीचा स्क्रू ढिला होतो आणि पातं आडवं हलतं. स्क्रू काढून, तेल पुसून, थ्रेडलॉकरचा (स्क्रू घट्ट धरणाऱ्या गोंदाचा) एक थेंब घातला की थांबतं. निळा घ्या, लाल घेतलात तर पुढं स्क्रू निघता निघणार नाही. डावखुऱ्यांनी या चाकूकडे फिरकू नये, धार उलट्या बाजूला हवी आणि तसा प्रकार यांच्याकडे नाही. आंब्याचा चीक लागला तर पातं डागाळत नाही, हा स्टेनलेसचा खरा फायदा आहे आणि तो मान्य करायला हवा.

‘मग चांगलाच घ्यायचा’ असं सांगणारे भेटतात. चांगला म्हणजे जर्मनीतल्या रॉयटलिंगेनचा टीना, 1854 पासूनची कंपनी. त्याचं पातं कार्बन पोलादाचं, पुसून तेल लावलं नाही तर कोकणातल्या हवेत रात्रीत गंजणारं. इथं मागवायचा तर किमतीचा आकडा घरात मोठ्यानं वाचता येत नाही. दुसरं टोक म्हणजे आमच्याकडचे कितीतरी कलमवाले, जे अर्ध्या दाढीच्या ब्लेडवर अख्खा हंगाम काढतात. कोवळ्या रोपाला त्याच्याइतका सुरेख काप कशानंच येत नाही. पण ब्लेडची जाडी 0.1 मिलिमीटर, काजूच्या काडीत ते वाकतं आणि बोटात घुसतं. मला या दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं होतं.

तुटलेल्या सुऱ्याचे फोटो पाठवले तर आधी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला, जूनमधला! मग कळवलं की सुरा ‘हलक्या वापरासाठी’ आहे. पानावरच्या फोटोत त्याच सुऱ्यानं लाकूड फोडताना दाखवलं आहे. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, माल कुठल्या देशातला तेही नाही, आणि कायद्यानं हे दोन्ही छापावं लागतं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा असतो, तेही त्यांना कळवलं. उत्तर नाही. शेवटी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली, तेव्हा कुठं फोन आला. बोलणारा मुलगा गोड होता, सारखं ‘मॅडम, समजू शकतो’ म्हणत होता. सुऱ्याची अर्धी किंमत परत देतो म्हणाला, पण कूपनच्या रूपात. मी रोख मागितली आहे.

चाकूला एकाचे तीन तारे केले, पट्टी पितळेची असती तर साडेतीन दिले असते. सुऱ्याला एकच, कारण शून्य देता येत नाही. कूपनची मुदत महिन्याभराची आहे. यांच्याकडून पुन्हा काही घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण 3000 नंबरचा दगड बरोबर त्याच किमतीत दिसतो आहे. अजून बघते आहे.