क्रिप्टसेटअप आणि लक्स-२: किल्ली लागत नाही तेव्हा

2019 च्या पुरात सांगलीच्या गावभागात पाणी शिरलं, तेव्हापासून मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांचे हिशेब मी एकाच जागी ठेवत नाही. एक डिस्क ऑफिसात, एक मिरजेला नणंदेकडे. पण लोकांचे पॅन नंबर, बँकेचे तपशील दुसऱ्या घरी ठेवायचे तर कुलूप हवंच. म्हणून लिनक्सवरचं क्रिप्टसेटअप घेतलं. अख्खी डिस्क सांकेतिक करून तिला कुलूप घालणारं हे साधन, आणि त्या कुलपाच्या पद्धतीचं नाव लक्स-२. फुकट आहे, मजबूत आहे.

पासफ्रेज, म्हणजे कुलूप उघडायचा लांब पासवर्ड, चुकला तर ते एवढंच म्हणतं: 'नो की अव्हेलेबल विथ धिस पासफ्रेज', म्हणजे या पासफ्रेजने लागणारी किल्ली नाही. डिस्क उघडत नाही, पण आतल्या डेटाला धक्काही लागत नाही. हे मला फार आवडतं. मात्र नेमकं काय चुकलं ते कळत नाही. आमच्याकडे बहुतेक वेळा कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो, टाइप केलेलं पडद्यावर दिसत नाही, आणि ऑफिसातला मुलगा घाबरतो, "मॅडम, डिस्क गेली का?" आधी भाषा बघायची, मग कॅप्स लॉक. की-फाइलचं, म्हणजे टाइप करण्याऐवजी किल्ली म्हणून दिलेल्या फाइलचं, दुखणं निराळं. एडिटरमध्ये केलेल्या फाइलच्या शेवटी न दिसणारा एंटर राहतो आणि तोही किल्लीतच धरला जातो. मग तोच शब्द हाताने टाइप केला तर लागत नाही.

बूट होताना डिस्क सापडली नाही, तर मशीन दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जातं. बूट होताना कुठल्या डिस्क उघडायच्या आणि जोडायच्या ते सांगणाऱ्या क्रिप्टटॅब आणि एफएसटॅब या फाइलींत, दोन्हीकडे 'नोफेल' लिहावं, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन अडत नाही.

खरी भीती हेडरची, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीला कुलपाची माहिती आणि किल्ल्या असतात त्या भागाची. लक्स-२ मेटाडेटाच्या, म्हणजे कुलपाच्या माहितीच्या, दोन प्रती ठेवतं, पण किल्ल्यांचा भाग एकदाच असतो. तो खराब झाला की बरोबर पासफ्रेजही निरुपयोगी, आणि कुठलाही दुकानदार ते परत आणून देऊ शकत नाही. 'लक्सहेडरबॅकअप' या कमांडने हेडरची प्रत पहिल्याच दिवशी घ्या, वेगळ्या जागी ठेवा. पासफ्रेज फुटला म्हणून बदललात तर जुना बॅकअप नष्ट करा. त्या हेडरने जुना पासफ्रेज अजूनही चालतो. ही गोष्ट कमांड चालवतानाच ठळक सांगायला हवी होती, इथे मी गुण कापते. 32 पर्यंत किल्ल्यांची सोय आहे. दुसरी किल्ली भागीदाराच्या नावे जरूर टाका.

विंडोजला ही डिस्क लावली की ते फॉरमॅट करायचं का विचारतं. माझ्या दोन्ही डिस्कवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी आहे: 'विंडोजला लावू नये. फॉरमॅटला हो म्हणू नये.'