मैदान की डगआऊट: अमेरिकेतील सॉफ्टबॉलपटूपुढच्या दोन वाटा

अमेरिकेत महाविद्यालयीन सॉफ्टबॉलचा शेवटचा हंगाम खेळणाऱ्या मुलीपुढे जूनच्या सुरुवातीला एक निर्णय उभा राहतो. व्यावसायिक खेळाडू म्हणून आणखी काही वर्षे मैदानात राहायचे, की एखाद्या विद्यापीठात सहायक प्रशिक्षक म्हणून लगेच रुजू व्हायचे? तिकडे स्थायिक झालेल्या ज्या मराठी घरांतील मुली शाळेच्या संघातून ट्रॅव्हल बॉलपर्यंत (गावोगावच्या स्पर्धा खेळणाऱ्या खासगी क्लबांपर्यंत) आणि तिथून महाविद्यालयीन संघापर्यंत पोहोचल्या आहेत, त्या घरांतही हा प्रश्न येतो, आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर ‘आधी खेळ, मग बघू’ किंवा ‘पक्की नोकरी धर’ अशा एका वाक्यात देऊन टाकले जाते. विषय इतका सोपा नाही. पैसा, जागांची संख्या, रोजचे काम, शरीर आणि वेळापत्रक या प्रत्येक बाबतीत या दोन वाटांचे गणित वेगळे आहे, आणि काही ठिकाणी ते आपल्या अपेक्षेच्या नेमके उलटे आहे.

आधी खेळाडूच्या वाटेबद्दल बोलायला हवे, कारण तिथली जमीन वारंवार खचली आहे. 1976 मध्ये महान पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारी खेळाडू) जोन जॉइस आणि टेनिसपटू बिली जीन किंग यांच्या पुढाकाराने महिलांची पहिली व्यावसायिक सॉफ्टबॉल लीग सुरू झाली आणि चार हंगामांत बंद पडली. 1997 मध्ये पुन्हा प्रयत्न झाला. 2004 पासून नॅशनल प्रो फास्टपिच ही लीग चालली, पण संघ येत-जात राहिले आणि 2021 मध्ये तीही थांबली. दरम्यान 2020 मध्ये अ‍ॅथलीट्स अनलिमिटेड या संस्थेने शिकागोजवळच्या रोझमाँट येथे एका अगदी निराळ्या रचनेची स्पर्धा भरवली आणि त्याच संस्थेने 2025 मध्ये बँडिट्स, टॅलन्स, ब्लेझ आणि व्होल्ट्स या चार संघांची लीग उभी केली. मेजर लीग बेसबॉलने तिच्यात गुंतवणूक केली आणि बेसबॉलमध्ये जनरल मॅनेजरपद भूषवलेल्या किम अँग यांच्याकडे आयुक्तपद आले. पूर्वीच्या कोणत्याही लीगच्या पाठीशी एवढे बळ नव्हते, त्यामुळे या वेळी आशा बाळगण्यास जागा आहे असे मला वाटते. तरीही, एका लीगच्या भरवशावर पुढच्या दहा वर्षांचे बेत आखू नयेत, हे या खेळाच्या इतिहासाने पुन्हा-पुन्हा बजावले आहे.

दुसऱ्या बाजूला महाविद्यालयीन सॉफ्टबॉल ही अमेरिकेत खोलवर रुजलेली व्यवस्था आहे. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा टायटल नाइन हा कायदा 1972 मध्ये आला, 1982 मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने महिलांची पहिली सॉफ्टबॉल विजेतेपद स्पर्धा घेतली, आणि आज एकट्या डिव्हिजन एक या तिच्या सर्वोच्च गटातच सुमारे तीनशे संघ आहेत. डिव्हिजन दोन, डिव्हिजन तीन आणि कनिष्ठ महाविद्यालये धरली तर हा आकडा कितीतरी वाढतो. व्यावसायिक लीगच्या पहिल्या वर्षी चार संघांत मिळून शंभरहून कमी खेळाडूंना जागा होती. प्रशिक्षकांच्या जागा मात्र देशभर पसरलेल्या आहेत आणि दर उन्हाळ्यात त्यांतल्या काही रिकाम्या होतात. निव्वळ संधीच्या संख्येने पाहिले तर ही तुलना होऊच शकत नाही.

पैशाच्या बाबतीत मात्र चित्र गुंतागुंतीचे आहे आणि इथे थोडे थांबायला हवे. 2016 मध्ये मोनिका अ‍ॅबट हिने टेक्सासमधील स्क्रॅप यार्ड डॉग्ज या संघाशी सहा वर्षांचा दहा लाख डॉलरचा करार केला, तेव्हा तो अमेरिकेतील महिला सॉफ्टबॉलमधला ऐतिहासिक करार मानला गेला. त्याच लीगमध्ये संपूर्ण संघाची वेतनमर्यादा दीड लाख डॉलर होती, म्हणून त्या करारातील ठरलेला पगार लहान ठेवून बाकीची रक्कम प्रेक्षकसंख्येशी जोडावी लागली होती. याच्या शेजारी 2024 मधला एक करार ठेवून पाहावा. स्टॅनफर्ड सोडून टेक्सास टेक विद्यापीठात गेलेल्या निजारी कॅनडी या पिचरला तिच्या नावाच्या आणि छबीच्या वापरापोटी एका वर्षाला 10,50,024 डॉलरचा करार मिळाला. शेवटचे 24 हा तिच्या जर्सीचा क्रमांक. ती अजून विद्यार्थिनीच होती. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम व्यावसायिक पिचरला सहा वर्षांत जे मिळायचे होते, ते आठ वर्षांनी एका महाविद्यालयीन खेळाडूला एका वर्षात मिळाले. यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे: अव्वल खेळाडूसाठी पदवीनंतर व्यावसायिक होणे म्हणजे बढती असेलच असे नाही, काही जणींच्या बाबतीत ती पगारातली घट असू शकते, आणि म्हणूनच ज्यांचे महाविद्यालयात खेळण्याच्या पात्रतेचे एखादे वर्ष शिल्लक आहे त्यांनी ते घाईने सोडू नये.

प्रशिक्षकांच्या बाजूला शिखरावर ओक्लाहोमा विद्यापीठाच्या पॅटी गॅसो आहेत. लाँग बीच सिटी कॉलेजसारख्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रशिक्षक असलेल्या गॅसो 1995 च्या हंगामापासून ओक्लाहोमाला आल्या, त्यांनी आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, आणि त्यांचा वार्षिक मोबदला दहा लाख डॉलरच्या वर गेला आहे. 2024 मध्ये त्यांच्या संघासाठी 4,200 आसनांचे नवे मैदान उघडले. या खेळात दरवर्षी नियमितपणे मोठा पैसा मिळवून देणारी जागा प्रशिक्षकाची आहे, खेळाडूची नाही. पण हे शिखर पाहून पायथा विसरू नये. लहान महाविद्यालयांत पहिली नोकरी अनेकदा पदव्युत्तर सहायकाची असते, तिच्यात शुल्कमाफी आणि तुटपुंजे विद्यावेतन मिळते, आणि मैदानावर दंताळे फिरवण्यापासून संघाची व्हॅन चालवण्यापर्यंत सगळे करावे लागते. या पातळीवर खेळाडू आणि प्रशिक्षक दोघीही संध्याकाळी शाळकरी मुलींना पिचिंग शिकवून घरभाडे भागवतात.

रोजच्या कामाचा विचार मात्र फार कमी मुली करतात, आणि माझ्या मते निर्णय इथेच व्हायला हवा. महाविद्यालयीन सामन्यात कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारी खेळाडू) प्रत्येक चेंडूआधी डगआऊटकडे पाहते. तिथे बसलेला प्रशिक्षक तीन आकडे बोलतो किंवा बोटांनी दाखवतो, कॅचर मनगटपट्टीवरील कोष्टकात ते आकडे शोधते, आणि तिथे लिहिलेले असते की वर चढणारा राइज बॉल टाकायचा की खाली पडणारा ड्रॉप, आत की बाहेर. पिचर 43 फुटांवरून चेंडू सोडते आणि फलंदाजाला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ मिळतो. पण तो चेंडू कोणता असावा हे त्या प्रशिक्षकाने आदल्या रात्री प्रतिस्पर्धी फलंदाजांच्या चित्रफिती पाहून ठरवलेले असते. त्याशिवाय सकाळी उलट्या बादलीवर बसून पिचरचे शंभर चेंडू झेलायचे, दुपारी अकरावीतल्या मुलींना फोन करायचे (त्या वर्गाच्या वर्षातील 1 सप्टेंबरपासूनच नियमानुसार त्यांच्याशी थेट संपर्क करता येतो), आणि ट्रान्स्फर पोर्टल (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणी) उघडले की आपली कोण जाते व दुसऱ्यांची कोण येऊ शकते याचा हिशेब मांडायचा. भरतीचे हे काम खेळाइतकेच मोठे आहे. ज्या मुलीला अनोळखी पालकांशी महिनोन् महिने संवाद ठेवणे जड जाते, तिने हा व्यवसाय केवळ खेळाच्या प्रेमापोटी निवडू नये.

व्यावसायिक खेळाडूचे काम याच्या अगदी उलट टोकाचे आहे. चार वर्षे प्रत्येक चेंडू दुसऱ्याने सांगितल्यावर टाकणाऱ्या पिचरला इथे कॅचरसोबत स्वतः विचार करावा लागतो. अ‍ॅथलीट्स अनलिमिटेडच्या मूळ स्पर्धेत तर संघांना नेहमीसारखे प्रशिक्षकच नव्हते. गुणांनुसार अव्वल ठरलेल्या खेळाडू कर्णधार होत आणि दर आठवड्याला नव्याने संघ निवडत. खेळाची समज ज्या वेगाने अशा ठिकाणी वाढते, त्या वेगाने ती डगआऊटमध्ये वाढत नाही. पुढे प्रशिक्षक व्हायचे असले तरी हा अनुभव वाया जात नाही, हे खेळण्याच्या बाजूचे सर्वांत भक्कम कारण आहे.

शरीराचा मुद्दा थोडक्यात. खालून टाकलेल्या चेंडूने हाताला त्रास होत नाही हा समज चुकीचा आहे, तरीही या खेळात दीर्घ कारकीर्द शक्य आहे. जपानच्या युकिको उएनो हिने 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये दोन दिवसांत 413 चेंडू टाकून सुवर्णपदक मिळवून दिले आणि टोकियोतील अंतिम सामन्यातही, वयाच्या 39 व्या वर्षी, तीच पहिली पिचर होती. तिच्यामागे उद्योगसमूहांच्या संघांवर उभी असलेली जपानी लीग होती. 2022 पासून जेडी लीग या नावाने चालणाऱ्या त्या लीगमध्ये टोयोटा, होंडा, डेन्सो, हिताची अशा कंपन्यांचे मिळून 16 संघ आहेत, आणि अ‍ॅबट व नताशा वॉटली यांच्यासारख्या अमेरिकी खेळाडूंनी तिथेच स्थिर व्यावसायिक आयुष्य जगले. परदेशी खेळाडूंना जागा मोजक्याच असतात, पण मिळाली तर ती अवश्य घ्यावी.

टोकियोच्या त्याच अंतिम सामन्यात अमेरिकेकडून सुरुवात करणारी कॅट ऑस्टरमन 38 वर्षांची होती. त्याआधी ती टेक्सास स्टेट विद्यापीठात सहायक प्रशिक्षक म्हणून काम करत होती आणि निवृत्ती मागे घेऊन राष्ट्रीय संघात परतली होती. याउलट केटलिन लो हिने अ‍ॅरिझोनासाठी खेळून, 2008 चे ऑलिम्पिक रौप्यपदक मिळवून आणि व्यावसायिक लीगमध्ये खेळून आपल्याच विद्यापीठात सहायकपद घेतले. 2021 मध्ये तिथले मुख्य प्रशिक्षक माइक कँड्रिया निवृत्त झाल्यावर ती मुख्य प्रशिक्षक झाली आणि पहिल्याच हंगामात संघाला वुमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत, घेऊन गेली. तेव्हा दोन वाटांमधले दार एकदाच उघडते असे समजून घाबरण्याचे कारण नाही. अडचण वेगळीच आहे, ती वेळापत्रकाची. महाविद्यालयीन हंगाम फेब्रुवारी ते जूनच्या सुरुवातीपर्यंत असतो आणि व्यावसायिक लीग जून-जुलैत, त्यामुळे दोन्ही सहज जमतील असे वाटते; परंतु भावी खेळाडू हेरण्यासाठी प्रशिक्षकांना कॅलिफोर्निया-कोलोरॅडोतील मोठ्या स्पर्धांना जावे लागते तेही नेमके याच आठवड्यांत. दोन्ही करणाऱ्या आहेत, पण त्यांच्या मुख्य प्रशिक्षकाने ते मनापासून मान्य केलेले असते.

प्रशिक्षकाची नोकरी पक्की असते हा समजही तपासून घ्यावा. मुख्य प्रशिक्षकाला हटवले की त्याच्या सहायकांची पदेही बहुधा जातात, आणि त्यांत त्यांचा काही दोष असतोच असे नाही. आपले भवितव्य एकोणीस-वीस वर्षांच्या मुलींच्या बॅटवर आणि वरिष्ठाच्या करारावर अवलंबून आहे, हे स्वीकारूनच या पेशात उतरावे लागते.

महाराष्ट्रातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या खेळाडूसाठी आणखी एक कसोटी आहे. एफ-1 व्हिसावर नाव आणि छबीच्या करारांतून कमाई करणे नियमांत अडकते, आणि पदवीनंतर मिळणारी कामाची परवानगी अभ्यासविषयाशी संबंधित नोकरीसाठीच असते. क्रीडा व्यवस्थापन किंवा शारीरिक शिक्षण शिकलेल्या मुलीला प्रशिक्षकपदाचा संबंध सहज दाखवता येतो. संगणकशास्त्र शिकलेलीला तो दाखवणे कठीण. एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेतून विद्यापीठे वगळलेली आहेत, ही प्रशिक्षकाच्या वाटेची जमेची बाजू, मात्र सॉफ्टबॉलच्या सहायकपदासाठी विद्यापीठ तेवढी खटपट करेल का, हे आधीच विचारावे.

माझे मत स्पष्ट आहे. हातात करार असेल, किंवा 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी राष्ट्रीय संघाच्या निवडीत नाव येण्याची खरी शक्यता असेल, तर आधी खेळावे. ते ऑलिम्पिक सॉफ्टबॉल ओक्लाहोमा सिटीत, या खेळाच्या माहेरी होणार आहे, आणि 2012, 2016 व 2024 मध्ये हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नव्हताच हे लक्षात घेता अशी संधी कधी पुन्हा येईल याचा भरवसा नाही. करार नसेल, तर निवडीच्या आशेवर दोन वर्षे घालवण्याऐवजी त्याच उन्हाळ्यात सहायकपद धरावे. गॅसो यांना इथवर यायला व्यावसायिक लीगची गरज पडली नाही. डिसेंबरमध्ये फास्टपिच (म्हणजे याच वेगवान सॉफ्टबॉलच्या) प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन भरते, तिथे जावे, कारण अनेक जागांची बोलणी तिथेच सुरू होतात. आणि नोकरी स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: करार किती वर्षांचा आहे, मुख्य प्रशिक्षकाच्या करारात किती वर्षे उरली आहेत, आणि जून-जुलैत खेळण्याची परवानगी मिळेल की नाही.