मिलानमधला एक मोकळा दिवस: आरेझे की मांदेल्लो?

दर नोव्हेंबरात मिलानला दुचाकींचं मोठं प्रदर्शन भरतं. चाकण-पिंपरीच्या वाहन उद्योगातली बरीच मंडळी त्यासाठी तिकडे जातात. कुणी कामाच्या भेटीला जातं, कुणी मुलाकडे नाहीतर मुलीकडे. परतीच्या विमानाआधी एखादा दिवस मोकळा मिळतो आणि गाड्यांचं वेड असलेल्या माणसापुढे प्रश्न उभा राहतो: शहराला लागून असलेल्या आरेझेला जाऊन अल्फा रोमिओचं संग्रहालय पाहावं, की आगगाडी पकडून कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो देल लारिओ गाठावं, जिथे मोटो गुत्सीच्या मोटारसायकली जन्माला आल्या?

दोन्ही एका दिवसात उरकायचा प्रयत्न करू नका. दिशा वेगळ्या आहेत, आणि धावतपळत पाहिलं तर एकही ठिकाण नीट पाहून होत नाही.

दोन महायुद्धांमधली ती वीस वर्षं इटलीच्या यंत्रकलेचा फार वेगळा काळ होता. तेव्हा मोटारीची शर्यत आणि मोटारसायकलची शर्यत ही दोन वेगळी जगं नव्हती. ताझिओ नुवोलारी या शर्यतपटूचंच बघा. सप्टेंबर 1925 मध्ये मोन्झाच्या ट्रॅकवर अल्फाची पी2 मोटार चाचणीसाठी चालवताना तो जबर जखमी झाला. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. तरी काही दिवसांतच, अंगभर पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत, त्याच मोन्झावर तो बियांकीच्या 350 सीसी मोटारसायकलवर बसला आणि शर्यत जिंकला. आकिल्ले वार्त्सी आणि पिएरो तारुफ्फी हेही आधी दोन चाकांवर शर्यती शिकले आणि मग चार चाकांकडे गेले. म्हणून आरेझे आणि मांदेल्लो मला एकाच गोष्टीची दोन टोकं वाटतात. आपल्याला त्यातलं एक निवडायचं आहे.

आधी आरेझे. शर्यती हाच तुमच्या उत्सुकतेचा गाभा असेल, तर इथे जे आहे त्याला तोड नाही. अल्फा 1910 मध्ये मिलानला सुरू झाली, युद्धाच्या काळात निकोला रोमिओच्या ताब्यात आली आणि 1920 पासून अल्फा रोमिओ झाली. खरी कलाटणी मिळाली 1923 मध्ये. त्या वर्षी वित्तोरिओ यानो हा अभियंता फियाट सोडून अल्फाकडे आला. फियाट तेव्हा शर्यतीतलं सगळ्यात तगडं नाव होतं, आणि यानोला वळवण्यात एन्झो फेरारी नावाच्या तरुण चालकाचा हात होता. यानोने वर्षभरात पी2 उभी केली. एका रांगेत आठ सिलिंडर, 1987 सीसी, वर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप. ऑगस्ट 1924 मध्ये लिओंला फ्रेंच ग्रांप्री होती. ज्युसेप्पे काम्पारीने ती याच गाडीवर जिंकली. पुढच्या वर्षी मोटारींचं पहिलं जागतिक अजिंक्यपद अल्फाने मिळवलं. त्याच 1925 मध्ये अल्फाचा चालक आन्तोनिओ आस्कारी माँलेरीच्या ट्रॅकवर पी2 चालवताना गेला. जिंकल्याची खूण म्हणून अल्फाच्या बिल्ल्याभोवती लॉरेलच्या पानांची माळ आली. ती पाहताना मला विजयाइतकाच आस्कारीही आठवतो.

पी2 डोळ्यांसमोर असताना तिची रुंदी बघा. चालकाला दोन्ही कोपर अंगाशी धरून बसावं लागेल इतकी ती अरुंद आहे. टायर हातगाडीच्या चाकासारखे बारीक. पट्टे नाहीत, शिरस्त्राण म्हणजे कापडी टोपी. छायाचित्र पाहून याचा अंदाज येत नाही, गाडीशेजारी उभं राहिलं की येतो.

पी2 नंतर 1932 ची टिपो बी, म्हणजे सगळे जिला पी3 म्हणतात ती. या गाडीने 28 जुलै 1935 ला न्यूरबुर्गरिंगवर जे केलं, तेवढ्याचसाठी आरेझेला जाणारी माणसं मला ठाऊक आहेत. समोर मर्सिडीज आणि आउटो युनियन, जर्मन सरकारच्या पैशाचं पाठबळ असलेल्या, ताकदीने कितीतरी पुढे असलेल्या गाड्या. नुवोलारी 42 वर्षांचा, गाडी तीन वर्षं जुन्या आराखड्याची. मधल्या थांब्यात इंधन भरायचा पंप बिघडला, डब्यांनी पेट्रोल ओतावं लागलं, दोन मिनिटांहून जास्त वेळ गेला. तरी त्याने एकेक गाडी मागे टाकली. शेवटच्या फेरीत पुढे असलेल्या फॉन ब्राउखिचचा टायर फुटला आणि इटालियन गाडी जर्मन प्रेक्षकांसमोर पहिली आली. टायर फुटला म्हणून नशीब, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. तो टायर झिजला, कारण मागून नुवोलारी फेरीगणिक अंतर कमी करत होता आणि ब्राउखिचला गाडी ओढावी लागत होती.

लांब पल्ल्याच्या शर्यतींतही अल्फाचा दबदबा होता. ब्रेशाहून रोमला जाऊन परत ब्रेशाला येणारी मिल्ले मिल्या, सुमारे 1600 किलोमीटर, साध्या रहदारीच्या रस्त्यांवर. 1927 ते 1938 या काळात ती बारा वेळा झाली. पहिली ब्रेशाच्याच ओएम कंपनीने जिंकली, 1931 ची मर्सिडीजने, उरलेल्या दहाही अल्फाने. ल मांची 24 तासांची शर्यत 1931 ते 1934 सलग चार वर्षं अल्फाची. आरेझेचं संग्रहालय काळरेषा, सौंदर्य आणि वेग अशा तीन भागांत मांडलंय आणि सुमारे 70 गाड्या तिथे आहेत. या वीस वर्षांसाठी वेळ कमी असेल तर वेगाच्या दालनात आधी जा.

आरेझेबद्दल दोन गोष्टी मला खटकतात. पहिली, या गाड्या इथे बनल्याच नाहीत. पी2, पी3 बनल्या त्या मिलान शहरातल्या पोर्तेल्लोच्या कारखान्यात, आणि तो आता उरलेला नाही. आरेझेचा कारखाना 1960 च्या दशकातला. म्हणजे तुम्ही वस्तू पाहता, जागा पाहत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 1933 मध्ये अल्फा सरकारी संस्थेच्या ताब्यात गेली आणि मुसोलिनीच्या राजवटीने तिचे विजय स्वतःच्या प्रचारासाठी वापरले. चकचकीत लाल गाड्यांच्या रांगेत हे विसरायला होतं. मोन्झाचं मोलही विसरायला होतं. 1928 मध्ये मातेरास्सीची गाडी प्रेक्षकांत घुसली आणि वीसहून जास्त माणसं गेली. 10 सप्टेंबर 1933 च्या एका दिवसात काम्पारी, बोर्झाक्किनी आणि चायकोव्स्की असे तीन चालक गेले. लिओंला जिंकलेला काम्पारी तो हाच. हे मनात ठेवून त्या गाड्यांपुढे उभं राहावं असं मला वाटतं.

आता मांदेल्लो. इथली गोष्ट पहिल्या महायुद्धातल्या तीन मित्रांपासून सुरू होते. नौदलाच्या विमानदळात कार्लो गुत्सी मेकॅनिक होता, जोर्जो पारोदी आणि जोव्हान्नी रावेल्ली वैमानिक. युद्ध संपलं की गुत्सीने मोटारसायकलचा आराखडा करायचा, जेनोव्हाच्या जहाजमालक घराण्यातल्या पारोदीने पैसा आणायचा आणि युद्धाआधीपासून शर्यती मारणाऱ्या रावेल्लीने ती पळवून नाव करायचं, असं ठरलं होतं. जानेवारी 1919 मध्ये पारोदीच्या वडिलांनी पत्र लिहून सुरुवातीला 1500 ते 2000 लिरा द्यायला होकार दिला. पुढचे पैसे मात्र आराखडा पाहून, अशी अट घातली. ऑगस्टमध्ये रावेल्ली विमान अपघातात गेला. गुत्सीच्या टाकीवरचा पंख पसरलेला गरुड त्या वैमानिक मित्राची आठवण आहे.

मांदेल्लोतल्या रिपामोंती नावाच्या लोहाराच्या कार्यशाळेत पहिली गाडी घडली. नाव जी.पी., म्हणजे गुत्सी-पारोदी. ही अक्षरं जोर्जो पारोदीचीही होतात म्हणून नाव बदलून मोटो गुत्सी झालं. 15 मार्च 1921 ला कंपनीची नोंदणी झाली. ती पहिली गाडी एकच बनली आणि ती मांदेल्लोच्या संग्रहालयात आहे. सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, वर कॅमशाफ्ट, 1920 च्या मानाने फारच पुढचं यंत्र. खर्च झेपेना म्हणून विक्रीसाठी सोप्या रचनेची नोर्माले काढली.

बुलेट चालवणाऱ्याला नोर्माले पाहून गंमत वाटेल. एकच सिलिंडर, 498 सीसी, पण उभा नाही, पुढच्या चाकाकडे तोंड करून आडवा. त्यामुळे हेडवर वारा थेट येतो, इंजिन थंड राहतं, वजन जमिनीजवळ राहतं. फ्लायव्हील इंजिनाच्या बाहेर, भल्यामोठ्या ताटलीसारखं उघडं फिरणारं. बोअर 88 मिलिमीटर आणि स्ट्रोक 82, म्हणजे दट्ट्याची धाव सिलिंडरच्या रुंदीपेक्षा कमी. त्या काळी बहुतेक जण याच्या उलट करत. ताकद आठ-साडेआठ अश्वशक्ती. हीच मापं आणि हाच आडवा सिलिंडर गुत्सीने 1970 च्या दशकापर्यंत चालवला. एका माणसाच्या डोक्यातली कल्पना पन्नासहून जास्त वर्षं पोलीस, सैन्य, शेतकरी आणि दुकानदार यांच्या उपयोगी पडत राहिली, हे मला कुठल्याही ग्रांप्रीच्या चषकाइतकंच मोठं वाटतं.

शर्यतीतही गुत्सी मागे नव्हती. आइल ऑफ मॅन बेटावर टीटी नावाची मोटारसायकल शर्यत होते. 1926 च्या टीटीत पिएत्रो गेर्सी हलक्या गटात दुसरा आला, पण नोंदवलेल्या कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीचा प्लग वापरला म्हणून त्याला बाद केलं. नऊ वर्षांनी, 1935 मध्ये, आयरिश स्टॅन्ली वूड्सने तिथेच गुत्सीवर 250 आणि 500 सीसी असे दोन्ही गट जिंकले. 500 ची शर्यत ऐकण्यासारखी आहे. पुढे ब्रिटिश नॉर्टनवर जिमी गथरी. शेवटच्या फेरीआधी गुत्सीच्या माणसांनी इंधन भरायची जोरदार तयारी केली. वूड्स थांबणार असंच सगळ्यांना वाटलं. तो न थांबता निघून गेला. गथरीचं अभिनंदन सुरू झालं होतं, पण टीटीत स्पर्धक एकामागून एक अंतराने सुटतात आणि निकाल वेळेवर लागतो; वेळ मोजल्यावर वूड्स चार सेकंदांनी पुढे निघाला. त्याच्या गाडीच्या मागच्या चाकाला स्प्रिंग होती. कार्लोचा भाऊ ज्युसेप्पे गुत्सीने 1928 मध्येच तशी चौकट बनवून ती थेट नॉर्वेच्या उत्तरेपर्यंत चालवत नेली होती, तेव्हा लोकांनी फारसं मनावर घेतलं नव्हतं. वूड्सच्या विजयानंतर नॉर्टननेही आपल्या शर्यतीच्या गाड्यांना मागे स्प्रिंग दिली. 1937 मध्ये ओमोबोनो तेन्नी टीटी जिंकणारा पहिला इटालियन ठरला, तोही गुत्सीवर.

मांदेल्लोला जायचा रस्ताही धरा हिशेबात. मिलानहून लेकोला जाणारी आगगाडी मोन्झावरून जाते. 1922 मध्ये अवघ्या 110 दिवसांत उभारलेला तो ट्रॅक याच गावाचा. पुढे आर्कोरे लागतं, जिलेरा या मोटारसायकल कंपनीचं गाव. रोममध्ये आखलेली चार सिलिंडरची, पाण्याने थंड होणारी, सुपरचार्जर लावलेली रोंदिने 1936 मध्ये जिलेराने घेतली. पुढच्याच वर्षी तारुफ्फीने ब्रेशा-बेर्गामो मोटारमार्गावर तिच्यावर ताशी 274 किलोमीटरचा विक्रम केला. संथ लोकलने गेलात तर आर्कोरेच्या स्टेशनावर गाडी थांबते. लेकोला गाडी बदलून सरोवराच्या कडेने मांदेल्लो. गुत्सी आणि जिलेरा या दोन्ही आज पिआज्जो समूहाच्या आहेत, म्हणजे ज्यांचा आपल्याकडे बारामतीला कारखाना आहे त्यांच्याच.

सोयीच्या बाबतीत मांदेल्लो मागे पडतं. तिथल्या संग्रहालयाच्या वेळा कायमच आखूड असायच्या आणि कारखान्याच्या नूतनीकरणाची मोठी योजना 2021 मध्ये जाहीर झाली. त्यामुळे निघायच्या आधी उघडं आहे का हे नक्की तपासा, नाहीतर दिवस वाया जाईल. आरेझेचं तसं नाही. मेट्रोने रो फिएरापर्यंत जा, तिथून बस किंवा टॅक्सी, अर्ध्या दिवसात काम होतं. सोबत लहान मुलं किंवा गाड्यांत रस नसलेलं माणूस असेल तर आरेझेच बरं. आणि घरच्यांना एकाच कंपनीचा कंटाळा येणार असेल तर तोरिनोचं राष्ट्रीय मोटार संग्रहालय. तिथे 1907 ला पेकिंगहून पॅरिसला गेलेली इताला आहे, अल्फाची पी2 आहे आणि जवळच फियाटचा जुना, आता बंद झालेला लिंगोत्तो कारखाना आहे, ज्याच्या छतावर गाड्या पळवून पाहायचा ट्रॅक होता. मात्र त्यासाठी मिलानहून वेगळा दिवस काढा.

तुम्ही एकटे असाल, दिवस पूर्ण हातात असेल आणि संग्रहालय उघडं असेल, तर मी मांदेल्लो म्हणेन. पी2 तोरिनोलाही भेटते. जी.पी. दुसरीकडे कुठेच भेटत नाही. नुवोलारीसाठी आला असाल तर आरेझेला जा आणि पी3 समोर जरा जास्त वेळ थांबा. अर्धाच दिवस असेल तरी आरेझे. मांदेल्लोला निघालात तर सकाळची पहिली गाडी पकडा आणि सरोवर डाव्या हाताला दिसेल अशी जागा धरा.