जगभरची हवा दाखवणारं एक्यूआय ॲप: नकाशा झकास, पण नुसत्या रंगावर जाऊ नका

ॲपचं नाव घेत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि खरं तर या टाइपची सगळी ॲप्स आतून बरीचशी सारखीच असतात. उघडलं की जगाचा नकाशा, त्यावर हिरवे पिवळे लाल जांभळे ठिपके, ठिपक्यावर टच केलं की तिथला एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, जितका जास्त तितकी हवा वाईट. नकाशा पटकन लोड होतो, झूम करताना अडकत नाही, विजेट पण नीट चालतं. इथपर्यंत पैकीच्या पैकी.

आता स्केलची भानगड. इन्स्टॉल केल्यावर बाय डिफॉल्ट अमेरिकन एक्यूआय लागतो आणि हे स्क्रीनवर कुठेही ठळक लिहिलेलं नाहीये, सेटिंगमध्ये पार तळाशी गेलं की कळतं. त्यामुळे काय होतं बघा, समजा हवेत पीएम २.५ (फुप्फुसात खोल जाणारे अतिबारीक कण) आहे ६० मायक्रोग्रॅम दर घनमीटरला, तर अमेरिकन स्केलवर एक्यूआय १५० च्या पुढे जातो, रंग लाल, शेरा अनहेल्दी. तोच आकडा भारतीय स्केलवर टाकला की एक्यूआय बरोबर १०० आणि शेरा "समाधानकारक", रंग हिरव्यातलाच. आणि जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा आहे १५, म्हणजे त्यांच्या हिशेबाने चौपट. प्रत्येक बोर्डाने पासिंगचे मार्क आपापले ठरवावेत तसा प्रकार आहे हा, त्यामुळे दोन देशांचे सरकारी एक्यूआय शेजारी ठेवून कोण जास्त घाण ते ठरवत बसण्यात काही अर्थ नाही. त्यात परत भारतीय एक्यूआय २४ तासांच्या सरासरीवर काढतात आणि अमेरिकेचा लाइव्ह आकडा ताज्या तासांना जास्त वजन देतो, म्हणून संध्याकाळी अचानक धूर वाढला की एक ॲप ओरडतं आणि दुसरं शांत.

याच्यावर उपाय ॲपमध्येच आहे आणि मला आवडलेलं सगळ्यात कामाचं फीचर तेच: एक्यूआय बंद करून सरळ मायक्रोग्रॅम दाखवायचा ऑप्शन. तो आधी चालू करा. मग सगळीकडचे पीएम २.५ एकाच मापात दिसतात आणि शेजारी मर्यादा धरून बघता येतं. वर्षाच्या सरासरीसाठी आरोग्य संघटनेने २००५ साली १० सांगितलं होतं, ते २०२१ मध्ये ५ वर आणलं. अमेरिकेने २०२४ मध्ये १२ चं ९ केलं. युरोपियन युनियनचं २५ होतं, ते २०३० पर्यंत १० वर आणायचं ठरलंय. भारताचं २००९ मध्ये ठरलेलं ४०. बऱ्याच देशांत कायद्याचा आकडा ठरवताना तब्येतीबरोबर कारखाने, गाड्या, खर्च हेही बघितलं जातं, फरकाचं हे एक मोठं कारण. आणि ५ च्या खाली एकदम सेफ असंही नाही हां, ज्याच्या खाली शरीराला काहीच होत नाही असा आकडा अजून सापडलेला नाहीये. संघटनेच्याच म्हणण्यानुसार जगातले ९९ टक्के लोक मर्यादेपेक्षा खराब हवेत राहतात, मग ॲपमधला "गुड" वाला हसरा चेहरा बघून जरा गंमत वाटते.

मोठी तक्रार ठिपक्यांची. सरकारी स्टेशनचं महागडं मशीन, कोणीतरी बाल्कनीत लावलेला छोटा लेझर सेन्सर आणि सॅटेलाइट-मॉडेलचा अंदाज, तिन्ही एकाच साइजच्या ठिपक्यात. लेझर सेन्सर वाईट नसतात, पण हवा दमट झाली की कणांना पाणी चिकटून ते फुगतात आणि आकडा उगाच वर जातो, धुक्यात तर विचारूच नका. मॉडेलचं म्हणाल तर कोपर्निकस या युरोपियन युनियनच्या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाच्या जागतिक अंदाजात एक चौकोन साधारण ४० किलोमीटरचा असतो, त्यात हायवेला लागून असलेलं घर आणि डोंगरावरचं घर एकच. कित्येक देशांमध्ये स्टेशनच नाहीत तिथे हा अंदाज ठीकच आहे, पण मग तसं लिहा ना, आत्मविश्वासाने "८७" कशाला दाखवता? अमेरिकन दूतावासांच्या मॉनिटरचे आकडे अशा ठिकाणी आधार होते, बीजिंगमध्ये तर २००८ पासून, पण मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने ते लाइव्ह द्यायचे बंद केले. ॲपने ते ठिपके गुपचूप मॉडेलवर टाकले, कुठे सूचना नाही काही नाही.

अजून एक, बऱ्याच ठिपक्यांवर फक्त पीएम २.५ मोजलेलं असतं. एक्यूआय म्हणजे सगळ्या प्रदूषकांपैकी जो सगळ्यात वाईट त्याचा आकडा, सरासरी नव्हे. म्हणजे कडक उन्हात दुपारी जमिनीलगतचा ओझोन (श्वासाला त्रास देणारा वायू) चढलेला असला आणि तिथे ओझोन मोजणारं काही नसलं तर ठिपका खुशाल हिरवा.

"आज तुम्ही इतक्या सिगारेटी ओढल्या" हे कार्ड मी लगेच बंद केलं. बर्कली अर्थ या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने पीएम २.५ च्या २२ मायक्रोग्रॅममध्ये दिवसभर राहणं म्हणजे एक सिगारेट असा ढोबळ हिशेब मांडला होता, लोकांना समजावं म्हणून ठीक आहे, पण ते रोज नोटिफिकेशनमध्ये आणि त्याच्याच खाली प्युरिफायरची जाहिरात, हे जरा अतीच. 😅

पाचपैकी साडेतीन. प्रो व्हर्जनमधले बाकीचे अलर्ट वगैरे सोडून द्या, घ्यायचंच असेल तर जुन्या आकड्यांच्या चार्टसाठी घ्या, कारण ५, ९, ४० या मर्यादा वर्षाच्या सरासरीच्या आहेत आणि फुकटवाल्यात फक्त गेल्या २४ तासांचा ग्राफ मिळतो.