साखळीच्या काळातली मोजणीची पुस्तकं: सहा महिने वापरल्यावर

आधी तक्रार. जमीन लोखंडी साखळीने मोजायचे त्या काळच्या पुस्तकांची स्कॅनवरून छापलेली प्रत घ्यायची असेल, तर मागची घडीची पानं आधी बघून घ्या. मूळ पुस्तकात मोठ्या आकृत्या घडी घालून चिकटवलेल्या असतात. स्कॅन करणारा घडी उलगडायची तसदी घेत नाही. मग छापून येते अर्धी आकृती आणि घडीची काळी सावली. मजकूर म्हणतो ‘आकृती पाहा’. पाहणार काय, कपाळ? नुसता मजकूर तर फुकटच्या स्कॅनमध्येही वाचता येतो, पैसे मोजायचे ते या पानांसाठीच.

त्यातही साखळीवरच्या खुणेच्या बिल्ल्यांची आकृती नसेल तर प्रत परत करा. गुंटरची साखळी 66 फूट, 100 कड्यांची, हे सगळ्यांना पाठ असतं. बिल्ले मात्र परीक्षेनंतर कुणाच्या लक्षात राहत नाहीत. दर दहा कड्यांना एक पितळी बिल्ला: पहिल्याला एक दात, पुढे दोन, तीन, चार, आणि मधोमध 50 वर गोल. साखळी कुठल्याही टोकाकडून धरता यावी म्हणून पलीकडच्या अर्ध्या भागातही तेच दात. म्हणजे 40 आणि 60 चा बिल्ला हुबेहूब सारखा. घाईत चुकीचं टोक धरून वाचलं की 20 कड्या गेल्या.

म्हणून जुनी नोंद आणि टोटल स्टेशन (आजचं इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्र) यांच्यात एकाच बिंदूला 4.02 मीटरचा फरक आला, तर हद्दीचा दगड हलवल्याचा शेरा मारण्याआधी थांबा. 8.05 आला तर 30-70 ची गल्लत, 12.07 ला 20-80, 16.09 ला 10-90. नेमका 20.12 आला तर बाण (दर साखळीच्या टोकाला रोवायची खुणेची सळई) मोजताना एक साखळी सुटली.

फरक लांबीबरोबर वाढत गेला तर मात्र बिल्ल्यांना दोष देऊ नका. साखळीत घासणाऱ्या जागा सुमारे 600. प्रत्येक जागा 0.01 इंच झिजली तरी साखळी 6 इंच लांबते. नोंदीतल्या 10 साखळ्या जमिनीवर 665 फूट भरतात आणि प्रत्यक्ष क्षेत्र नोंदीपेक्षा दीड टक्का जास्त निघतं. उतारावरून सरळ साखळी टाकली असेल तर उलटं: 10 अंशांच्या उताराला साखळीमागे दीड कडी जास्त नोंदली जाते. दोन्ही चुका एकाच रेषेत असतील तर एकमेकींना झाकतात, तेव्हा सपाट रेषा वेगळ्या काढून तपासा.

होकायंत्राचं प्रकरण वगळा, असं पहिल्या महिन्यात सांगितलं असतं. ते मत आता मागे. जुन्या दिशा चुंबकीय उत्तरेवरून घेतलेल्या असतात, आणि ती उत्तर सरकत राहते: लंडनमध्ये 1580 मध्ये खऱ्या उत्तरेच्या सुमारे 11 अंश पूर्वेला होती, 1820 च्या आसपास सुमारे 24 अंश पश्चिमेला. पुस्तकात छापलेला दिक्पात, म्हणजे दोन उत्तरांमधला हा कोन, पुस्तकाच्या साली आणि त्याच्या गावचा; तो उचलून दुसऱ्या सालच्या नकाशाला लावला की दर अंशाला 100 मीटरमागे 1.75 मीटरची चूक पदरात.

हाताने आकडेमोड करायची लॉगची (लॉगॅरिदमची) कोष्टकं आज नुसतं वजन. त्यांचं मात्र एकूण एक पान लख्ख छापलंय.