पितळी सागरी अ‍ॅस्ट्रोलेब: टेबलावर देखणा, उन्हात कच्चा

सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजून अक्षांश काढायच्या, पोर्तुगीज खलाशांच्या उपकरणाची ही 18 सेंमी व्यासाची प्रतिकृती. यंत्रराजाशी, म्हणजे खगोलज्ञांच्या अ‍ॅस्ट्रोलेबशी, तिची गल्लत करू नये. इथे ताऱ्यांचा नकाशा नाही, आहे ते अंशांचं कडं आणि मधोमध फिरणारी पट्टी, जिच्या दोन्ही बाजूंना भोक पाडलेल्या पाकळ्या आहेत. वारा आरपार जावा म्हणून कड्याचा मधला भाग कापलेला असतो, आणि लटकताना डुलू नये म्हणून तळाला पितळ जाड ठेवतात. प्रतिकृतीत जाडी सगळीकडे सारखीच आहे. झुळूक आली की कडं हलतं.

वरची कडीही घट्ट बसते, त्यामुळे कडं ओळंब्यात येत नाही. तेलाचा थेंब सोडून पाहा. मग भर दुपारी एकदा माप घ्या, लगेच उपकरणाचं तोंड पलटून पुन्हा घ्या. 70 आणि 71 आले, तर लटकण्यातली चूक अर्धा अंश आणि खरं माप 70.5. खुणा नीट कोरल्या आहेत, पण या आकारात एक अंश म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर, आणि जमिनीवर तब्बल 111 किमी! हलत्या जहाजावर तर विचारूच नका. म्हणूनच नोव्हेंबर 1497 मध्ये वास्को द गामाने दक्षिण आफ्रिकेच्या सेंट हेलेना उपसागरात किनाऱ्यावर उतरून मोठ्या लाकडी अ‍ॅस्ट्रोलेबने सूर्य मोजला.

वापर सोपा आहे. भोकातून सूर्याकडे डोळा मुळीच लावायचा नाही. वरच्या पाकळीतून आलेला कवडसा खालच्या भोकावर पडेपर्यंत पट्टी फिरवायची. स्थानिक मध्यान्हाच्या वीस मिनिटं आधीपासून दर दोन मिनिटांनी वाचन घ्यायचं. सर्वांत मोठा आकडा हा मध्यान्हीचा उन्नतांश, म्हणजे सूर्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत. सूर्य दक्षिणेकडे असेल तर अक्षांश = 90 − उन्नतांश + क्रांती.

घोळ क्रांतीत, म्हणजे सूर्य विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे त्या आकड्यात आहे. सोबतच्या पत्रकात जुना तक्ता तसाच छापलाय, आजच्याहून सुमारे 10 दिवस सरकलेल्या जुन्या ज्यूलियन कॅलेंडरच्या तारखांसकट. विषुवदिनाच्या आसपास क्रांती रोज सुमारे 0.4 अंशाने बदलते. 10 दिवस सरकले की 4 अंश गेले. आजच्या पंचांगातली क्रांती घ्या.

पत्रकातलं ‘पृथ्वीवरचं अचूक स्थान’ तर निव्वळ थाप. यातून रेखांश मिळतच नाही. 1494 च्या तोर्देसियास करारात स्पेन-पोर्तुगालने जग वाटून घेतलं ती रेषा, केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला 370 लीग (अंतराचं जुनं माप), याच कारणाने समुद्रावर कुणाला नेमकी आखता आली नाही. तिची पलीकडची बाजू कुठे पडते यावरून मसाल्याच्या मोलुक्का बेटांसाठी स्पेन-पोर्तुगाल भांडले, आणि 1529 मध्ये सारागोसा इथे पोर्तुगालने 3,50,000 डुकाट मोजून स्पेनचा दावा सोडवून घेतला. बेटं मुळात पोर्तुगालच्याच अर्ध्यात होती. तिथल्याच तेर्नाते-तिदोरेच्या सुलतानांना कुणी विचारलं नाही, हे पत्रकात अर्थातच नाही.

वर्गात शिकवायला घ्या, पण तळाला आतून शिशाची पट्टी चिकटवून.